अंगठ्यापाशी अडलेला संच: बिनबोटी हातमोजे, कानपट्टी आणि काऊल

लोकर घ्यावी, सुया बदलाव्या आणि कागदावर दिलेला अंगठा विसरून जावा. नागपूरच्या इतवारीतल्या एका लोकरीच्या दुकानात मिळणाऱ्या या संचाबद्दल आमचं मत एवढंच आहे. पण सुया का बदलायच्या आणि अंगठा कसा विणायचा, हे नीट सांगितल्याशिवाय त्या मताचा कुणाला उपयोग नाही, म्हणून हे सविस्तर.

650 रुपयांच्या पिशवीत एकाच रंगाचे 50 ग्रॅमचे चार गुंडे, 8 आणि 10 नंबरच्या सरळ सुयांची एकेक जोडी, वेणीसाठी एक छोटी वाकडी सुई, शिवायला बोथट टोकाची सुई आणि तीन वस्तूंची कृती छापलेला मराठी कागद आहे. वस्तू तीन: बोटं उघडी ठेवणारे हातमोजे, कानपट्टी आणि काऊल, म्हणजे गळ्याभोवती बसणारा, टोकं नसलेला गोल मफलर. हातमोज्यांवर आणि कानपट्टीवर एकच सहा टाक्यांची वेणी, काऊलला साधी दोन सुलट दोन उलटची रिब, म्हणजे उभ्या धारांची, ताणली जाणारी वीण.

नागपूरसाठी ही निवड अचूक आहे. आपली थंडी सकाळची. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर गेला होता, तसे दिवस विरळा. पण एरवीही डिसेंबर-जानेवारीत सहा वाजता गाडी काढली की हँडलवरची बोटं आखडतात आणि अकरा वाजता ऊन चटके देऊ लागतं. जाड, पूर्ण बोटांचे हातमोजे घातले तर ब्रेक जाणवत नाही, किल्ली सापडत नाही, दुधाची पिशवी घेताना सुटे पैसे हातातून निसटतात. मनगट आणि तळहात झाकलेले, बोटं मोकळी आणि काम झालं की गाडीच्या डिक्कीत मावणारं असं काहीतरी इथं लागतं. त्यामुळे संच दुचाकीवर टिकतो का, हीच कसोटी आम्ही लावली.

आधी लोकर. वेष्टनावर 30 टक्के लोकर, 70 टक्के ॲक्रिलिक आणि 50 ग्रॅमला 110 मीटर लिहिलं आहे. टोकाचा बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळला की जळक्या केसांसारखा वास येतो आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. वास खऱ्या लोकरीचा, मणी ॲक्रिलिकचा. म्हणजे मिश्रण खरं आहे. नुसतं ॲक्रिलिक असतं तर वास प्लास्टिकचा आला असता. नुसती लोकर असती तर बोटानं चुरडली जाणारी राख राहिली असती. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात निव्वळ ॲक्रिलिक केसांना चिकटतं, डोक्यावरून काढताना चटचट आवाज करतं. लोकरीचा हा अंश तो त्रास बराच कमी करतो आणि गळ्याला टोचतही नाही.

लोकर निवडताना ‘फोर प्लाय’ या शब्दावर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर पिळले आहेत एवढंच. पदर जाड की बारीक, ते त्यात कळत नाही. 100 ग्रॅमला किती मीटर ते वाचा. 200 ते 250 मीटर असेल तर ती या कृतीला चालणारी डीके, म्हणजे मध्यम जाडी. 400 मीटरच्या आसपास असेल तर ती बारीक मोज्यांची लोकर, तिच्यावर इथले टाक्यांचे आकडे लागू होणार नाहीत.

चारही गुंड्यांवर डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेचा, आकडा एकच होता. दुकानदार पिशवी बांधतानाच तो पाहून घेतात आणि न उघडलेला गुंडा बदलून देतात. या दोन्ही गोष्टींचे पूर्ण गुण. लॉट वेगळा असला की दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही, पण उन्हात कानपट्टी आणि काऊल दोन वेगळ्या रंगांचे वाटतात आणि संचाचा अर्थच जातो.

आता सुया. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे: आकडा जितका मोठा, सुई तितकी बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मि.मी., 9 म्हणजे 3.75, 10 म्हणजे 3.25. अमेरिकन पद्धतीत उलटं आहे. तिथली 8 नंबर 5 मि.मी. आणि 10 नंबर 6 मि.मी. ऑनलाइन मागवताना नंबर सोडून द्या, मि.मी. पाहा. पिशवीतल्या सुया ॲल्युमिनियमच्या, 35 सें.मी. लांब, आणि टोकाला जरा बोथट आहेत. ही लोकर सैल पिळाची असल्यानं बोथट टोक पदरांच्या मधे घुसतं आणि टाका अर्धाच उचलला जातो. वेणीच्या ठिकाणी हे जास्त होतं.

सरळ सुयांची मोठी अडचण वेगळी आहे. हातमोजा सपाट विणून शिवावा लागतो, आणि कागदाप्रमाणे शिवण येते अंगठ्याच्या बाजूला, म्हणजे नेमकी हँडलची पकड जिथं बसते तिथं. अर्ध्या तासाच्या प्रवासात ती काचते. म्हणून गोल विणा. त्यासाठी 3.75 आणि 3.25 मि.मी.च्या 80 सें.मी. तारेच्या गोल सुया घ्या (तारेचा जादा भाग टाक्यांमधून बाहेर ओढून विणायचं) किंवा त्याच मापांचे, दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या पाच सुयांचे 15 सें.मी. लांबीचे संच. निटप्रो आणि पोनी या दोन्ही कंपन्यांच्या सुयांवर मि.मी. छापलेले असतात. पहिल्यांदाच गोल विणणाऱ्यांनी लाकडी किंवा बांबूच्या घ्याव्या. धातूच्या पाच सुयांतून एखादी सुळकन निसटते आणि अकरा टाके सुटतात.

पाच सुयांवर दोन सुयांच्या सांध्यात टाके सैल राहून उभी शिडी दिसते. बहुतेक जण नव्या सुईवरचा पहिला टाका ओढून घट्ट करतात. त्यानं काही होत नाही, कारण दुसरा टाका विणताना पहिला पुन्हा सैल होतो. दुसरा टाका विणून झाल्यावर धागा ओढा. शिडी जाते.

कागदाची खरी चूक हातमोज्यातच आहे. कृती अशी: 8 नंबर सुईवर 44 टाके, त्यांच्या एका अर्ध्याच्या मधे वेणी, आणि शिवताना अंगठ्यासाठी 4 सें.मी.ची फट सोडायची. 8 नंबरवर या लोकरीचे 10 सें.मी.मध्ये 22 टाके येतात. शिवणीत दोन टाके जातात, वेणी दीड सें.मी.च्या आसपास आकसते, आणि घेर राहतो साधारण 18 सें.मी. बोटांच्या मुळाशी 19 सें.मी. भरणाऱ्या हाताला हा ताणून बसतो, तिथवर ठीक. पण अंगठ्याच्या बुडाशी, अंगठा धरून, त्याच हाताचा घेर 22 ते 23 सें.मी. भरतो. फटीच्या खाली कापड तेवढं वाढत नाही. त्यामुळे हँडल धरायला अंगठा फाकवला की तळहातावरचं कापड ताणलं जातं, मनगटाची रिब वर सरकते, आणि बाही व हातमोजा यांच्या मधे मनगट उघडं पडतं. वारा तिथूनच शिरतो. फट मोठी केली तर मनगट झाकलेलं राहतं, पण अंगठ्याचं बूड उघडं पडतं. घरात बसून वाचायला, टाइप करायला फटीचा हातमोजा चालतो, गाडीवर नाही.

दुसरी चूक त्याहून ठळक. कागद म्हणतो, दुसरा हातमोजा पहिल्यासारखाच विणा. वेणी कापडाच्या एका अर्ध्यात आहे आणि शिवण अंगठ्याकडे. तसाच दुसरा विणला तर दुसऱ्या हाताची वेणी तळहातावर येते. छपाईआधी कुणी दोन्ही हातांत घालून पाहिलं असतं तर हे लगेच दिसलं असतं.

तीच लोकर आणि तीच वेणी ठेवून हातमोजा असा विणावा. आधी 3.75 मि.मी.वर 30 टाक्यांचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मगच मोजा. 10 सें.मी.मध्ये 23 टाके आणि 31 ओळी यायला हव्या. 22 आले तर सुई एक मापानं बारीक घ्या. 4 मि.मी.पेक्षा हे कापड दाट येतं आणि वारा कमी घुसतो.

3.25 मि.मी.वर 44 टाके घाला. टाके घालताना मात्र 4 मि.मी.ची सुई वापरा, नाहीतर कड आवळते आणि मूठ आत जात नाही. गोल जोडून दोन सुलट दोन उलटचे 20 फेरे, म्हणजे सुमारे 6 सें.मी. शेवटच्या फेऱ्यात, वेणी येणार त्या भागात 2 टाके वाढवा, 46 होतील. वेणी जे आकसते ते या दोन टाक्यांनी भरून निघतं. आता 3.75 वर या. फेऱ्याची सुरुवात करंगळीकडे.

उजव्या हाताला आधी हाताची पाठ: 7 सुलट, 2 उलट, 6 वेणीचे, 2 उलट, 7 सुलट, असे 24. मग तळहाताचे 22 सुलट, आणि त्यातला पहिला, म्हणजे फेऱ्यातला 25 वा टाका हा अंगठ्याचा. डाव्या हाताला आधी तळहाताचे 22, त्यातला शेवटचा, 22 वा, अंगठ्याचा, आणि मग पाठीचे 24. एवढा फरक केला की वेणी दोन्ही हातांत पाठीवरच येते. वेणी दर आठव्या फेऱ्यात फिरवा: उजव्या हातमोज्यात तीन टाके छोट्या सुईवर पुढे धरून, डाव्या हातमोज्यात मागे धरून. दोन्ही हात शेजारी ठेवले की वेण्या आरशातल्यासारख्या दिसतात.

दोन साधे फेरे झाले की अंगठ्याची कळी सुरू. घागऱ्याला किंवा पायजम्याला घेर द्यायला कळी घालतात, तेच इथं. अंगठ्याच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना मार्कर, म्हणजे खुणेच्या कड्या, सुईवर घाला. मार्करच्या आत, दोन्ही कडांना, टाक्यांमधला आडवा धागा उचलून पीळ देऊन एकेक टाका वाढवा. मग दोन फेरे साधे. असं सात वेळा. एका टाक्याचे 15 होतात, 21 फेरे लागतात आणि उंची भरते पावणेसात सें.मी. आडवा धागा पीळ न देता विणला तर प्रत्येक ठिकाणी भोक पडतं. जाळी हवी असेल तर गोष्ट वेगळी, पण गाडीवर प्रत्येक भोकातून वारा येतो.

15 टाके वेगळ्या रंगाच्या धाग्यावर ठेवून द्या, त्या जागी 1 टाका नवा घाला, पुन्हा 46. 14 फेरे विणा. पुढच्या फेऱ्यात वेणीत दोनदा दोन टाके एकत्र विणून 44 करा, 3.25 वर रिबचे 5 फेरे आणि टाके बंद. बंद करताना 4 मि.मी.ची सुई उजव्या हातात घ्या. वरची कड आवळली तर बोटांच्या मुळाशी रग लागते, आणि हातमोजे पडून राहण्याचं ते मोठं कारण असतं.

अंगठा शेवटी. ठेवलेले 15 उचला, नव्या टाक्याच्या जागेवरून 3 उचला, 18. त्या जागेच्या दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतंच, कारण तिथं कापड दोन दिशांना ओढलं जातं. म्हणून कोपऱ्याचे टाके मागच्या बाजूनं, पीळ देऊन विणा आणि पुढच्याच फेऱ्यात दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन एकत्र करा. 16 उरतात. एक सुलट एक उलटचे 5 फेरे, सैल बंद. तरी बारीक भोक दिसलं तर सुरुवातीचा लोंबता धागा आतून त्याच्याभोवती फिरवून ओढा. त्यासाठी तो धागा 20 सें.मी. तरी ठेवलेला असावा.

बोटांच्या मुळाशी घेर 18 सें.मी.च्या आत असेल तर 40 टाके घाला आणि 42 करा. पाठीवर कडेचे सातांऐवजी सहा-सहा, तळहाताचे 20, कळी सहा वेळा वाढवून 13. पुरुषी हाताला, 21 सें.मी.च्या आसपास, 48 घालून 50; कडेचे आठ-आठ, तळहाताचे 24, कळी आठ वेळा, 17.

कानपट्टी कागदावर चांगली उतरली आहे. 24 टाके, वेणी मधे, कडांचे सात-सात टाके दोन्ही बाजूंनी सुलट. सगळ्या ओळी सुलट विणलेलं कापड उभ्या दिशेनं आकसतं, म्हणून कडा आत वळून डोक्याला धरतात आणि मधली वेणी फुगून कानावर बसते. हातमोज्याच्या पाठीवरही हेच 24 टाके येत असल्यानं दोन्ही वस्तू एका घरच्या दिसतात. लांबी मात्र कागदावर सरसकट 52 सें.मी. आहे, ती 54 सें.मी.च्या डोक्यावर आठवड्याभरात सैल पडते. डोक्याचा घेर मोजा आणि त्यातून सहा-सात सें.मी. वजा करा. शिवण मानेच्या मागे. ही पट्टी अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या पायी फेरीसाठी आहे. हेल्मेटच्या आत घालू नका: जाड वेणीमुळे हेल्मेट वर उचललं जातं, घट्ट बसत नाही आणि अपघातात हवं तसं वाचवत नाही.

गाडीसाठी काऊल आहे, आणि या संचातली सर्वांत कामाची वस्तू तीच. स्कार्फ किंवा ओढणीची टोकं सुटून चाकात जाण्याचा धोका काऊलला नाही. 132 टाके, दोन सुलट दोन उलट, 22 सें.मी. उंच. रिब आपोआप आवळते, त्यामुळे घेर 45 सें.मी.च्या आसपास दिसला तर घाबरू नका. तो ताणून डोक्यावरून सहज जातो आणि गळ्याला धरून राहतो. पण 132 टाके 35 सें.मी.च्या सरळ सुईवर कोंबले की टोकाकडून घसरत राहतात. 4 मि.मी.ची 60 सें.मी. तारेची गोल सुई घ्या. जोडण्याआधी टाक्यांची खालची कड सगळीकडे आतच आहे ना, ते टेबलावर पसरून पाहा. एक पीळ राहून गेला तर तो नंतर निघत नाही, सगळं उसवावं लागतं. खात्रीचा उपाय म्हणजे पहिल्या दोन ओळी सपाट विणा, मग जोडा. पट्टी रुंद झाली की पीळ लगेच दिसतो आणि खालची छोटी फट लोंबत्या धाग्यानं शिवता येते.

धुण्याबद्दल कागदावर एक ओळही नाही. कोमट पाणी, ईझीसारखा लोकरीचा सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत सपाट पसरायचं. दोरीवर टांगलं तर ओल्या वजनानं काऊल लांबतो. इस्त्री तर मुळीच नको: उष्णतेनं ॲक्रिलिकचा जीव जातो, रिब पुन्हा आवळत नाही. तळहातावर हँडलच्या घासणीनं गोळे येतातच. ते ओढू नका, कात्रीनं कापा. ओढले की आतला धागाही बाहेर येतो.

फक्त घरात घालायचे असतील आणि शिवणीची हरकत नसेल तर पिशवी आहे तशी घ्या, दुसऱ्या हाताची वेणी तेवढी जागेवर आणा. गाडीवर जाणाऱ्यांनी दुकानात चार गुंडे सुटे मागावे. ते देतात, आणि वाचलेले पैसे गोल सुयांत घालावे. हातमोज्यांना 46 ते 48 ग्रॅम, कानपट्टीला 30, काऊलला 70 ते 75 असा हिशोब बसतो. चौथ्या गुंड्यातली बरीच लोकर उरते. ती वेष्टनासकट जपून ठेवा. एक हातमोजा कुठेतरी राहून गेला तर त्याचा जोडीदार त्याच लॉटच्या 24 ग्रॅममध्ये पुन्हा होतो.